बेटांचं टाइमटेबल

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर मला समुद्र दाखवलात. मग पाठीवरच्या सॅका दाखवल्यात, आठ जणांच्या खोलीतले दुमजली पलंग दाखवलेत आणि म्हणालात, "आजी, सगळ्यात स्वस्त हेच. ओळख बघू, कुठे आहोत?" मला ओळखता आलं नाही. तुम्ही सांगितलंत, डॉमिनिका. त्यावर मी म्हटलं, "मग पुढे सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा आणि शेवटी त्रिनिदाद." तुम्ही हसलात. "आजीनं गूगल केलं!" दूध उतू जातंय असं सांगून मी फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

ती बेटं मला पाठ आहेत, ती का, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांनाही अर्धंच ठाऊक आहे. तुम्ही तिथे उभे आहात आणि माझं अक्षर अजून वाचता येतं, म्हणून आता लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण यात माझी आई बोलते, आणि तिचं बोलणं मला इंग्रजीत उतरवता येत नाही.

मला एक भाऊ होता. माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा.

आमचे वडील रेल्वेत होते. आमचं लहानपण होटगी जंक्शनच्या क्वार्टरमध्ये गेलं. घरात पुस्तकं कमी, पण रेल्वेचं टाइमटेबल नेहमी नवं. वडील आम्हाला जेवताना विचारत, "सोलापूरनंतर?" आम्ही म्हणायचो, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर. एखादं चुकलं की घास हातात धरून पहिल्यापासून म्हणायचं. भाऊ मुद्दाम चुकवायचा. माझं कधी चुकलं नाही. जग म्हणजे एकापुढे एक लागलेली स्टेशनं, आणि माणूस निघाला की तो पुढच्या स्टेशनावर येणारच, हे माझ्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते बसलंच.

वडील गेले तेव्हा भाऊ कॉलेजात होता. मी बी.ए. होऊन सोलापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, लग्न झालं होतं. भावाला मुंबईत बोटीवर नोकरी लागली, इंजिनरूममध्ये. आई आमच्याच घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आली. ती जेऊरजवळच्या खेड्यातली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. "माझी लेक दोन भाषा वाचती," असं ती नळावर सांगायची. त्या काळात नळावर उभं राहायला भरपूर वेळ असे. बहात्तरचा दुष्काळ होता. नळाला दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास.

त्याच वर्षी भावाला वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा नावाच्या बेटावर कावीळ झाली. बोटीनं त्याला तिथल्या दवाखान्यात उतरवलं आणि ती पुढे गेली. बरा झाल्यावर त्यानं नोकरी सोडल्याचा कागद घेतला आणि मला निळ्या एरोग्रामवर, म्हणजे दुमडून चिकटवायच्या हवाई पत्रावर, लिहिलं:

"ताई, लगेच परत येत नाही. नोकरीभर बोटीच्या पोटात राहिलो, बंदरं पाहिलीच नाहीत. खांद्याला एक कॅनव्हासची पिशवी आहे, त्यात दोन शर्ट आणि आईनं दिलेली सोलापुरी चादर. एकेक बेट करत खाली त्रिनिदादपर्यंत जाईन. तिथे आपल्याकडची माणसं पुष्कळ आहेत म्हणतात. तिथून परतीची बोट धरेन. प्रत्येक बेटावर एक मोठं पोस्ट असतं. माझं नाव घालून खाली 'पोस्ट रेस्टांट' लिही, म्हणजे ते पत्र ठेवून घेतात, मी जाऊन मागायचं. महिनाभर ठेवतात, मग परत पाठवतात. कोणत्या बेटावर लिहायचं ते तू अंदाजानं धर. तू बरोबर धरशील."

मी शाळेचा अॅटलास आणला आणि पेन्सिलनं बेटांवर आकडे घातले. फ्रेंच बेटं वगळली, कारण तिथे त्याला व्हिसा मिळणार नाही असा माझा हिशेब. उरली सहा. एकाखाली एक, थेट आमच्या लाइनीसारखी.

पोस्टमन उंच, म्हातारा, दखनी बोलणारा होता. परदेशी तिकीट दिसलं की दारातूनच ओरडायचा, "बाई, टापूवाले का आया जी!" म्हणजे बेटावाल्याचं पत्र आलं. मग आई हातातलं सोडून उंबऱ्यावर येऊन बसायची, तुमच्या बाबांना मांडीवर घ्यायची. ते तेव्हा तीन वर्षांचे. मी वाचायची.

तो कसा फिरत होता ते तुम्हाला आवडेल. दोन डोलकाठ्यांची लाकडी गलबतं या बेटावरून त्या बेटावर माल नेत. सिमेंट, कांदे, रिकाम्या बाटल्या, शेळ्या. माल चढवायला मदत केली की डेकवर फुकट जागा. तिथे तो चादर अंथरून झोपायचा. जमिनीवर असला तर शाळेच्या ओसरीत, किंवा क्रिकेटच्या मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथली माणसं विचारत, इंडियाचा ना, मग बोलिंग टाक. तो टाकायचा, आणि रात्रीचं जेवण मिळायचं. विस्तवात भाजलेलं विलायती फणसासारखं एक फळ, उकडलेली हिरवी केळी. केळीच्या ट्रकवर मागे बसून डोंगर ओलांडायचा. किनाऱ्यावरच्या एका गावात त्यानं होडीला रंग दिला आणि आठवडाभर त्या होडीतच राहिला.

केळ्यांच्या पुढे "आणि खारा मासा" असं लिहिलं होतं. ते मी गाळलं.

आई म्हणाली, "मासं खातुया व्हय?"

"कुठे काय म्हटलं मी?"

"तू थांबलीस की. तू वाचताना कदी थांबत न्हाईस." मग थोड्या वेळानं, "खाऊ दे. जीव तर ऱ्हाईल."

एकदा तिनं निरोप घालायला सांगितला: एवढं पाणी हाय तर तितली लोकं पित्यात काय? पुढच्या पत्रात उत्तर आलं. काही बेटांवर ना नदी ना विहीर, छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवतात आणि वर्षभर पुरवून पितात. आई इतकी खूष झाली! दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना सांगून आली, "समिंदरात ऱ्हात्यात आन् तितं बी टंचाई!"

त्याच पत्रात एक वाक्य होतं: "ही गलबतं माल मिळेल तिकडे जातात, कधी पुढे, कधी मागे." ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं. माझ्या तोंडून गेलं, डोक्यात शिरलं नाही. आईच्या शिरलं.

दिवाळीच्या सुमारास आईचा घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात. डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं आणि अन्ननलिकेचं सांगितलं. मुंबईला न्या म्हणाले, थोडे दिवस वाढतील. आई ऐकेना.

"मी हितंच ऱ्हाते. त्यो आला आन् दाराला कुलूप दिसलं तर?"

"आई, मी आहे ना इथे."

"तू हायस गं. पर त्यो माज्या दारात येनार."

आणि त्याला कळवायचं नाही, हेही तिनं बजावलं. आमच्यात दूरच्या माणसाला पत्रातून वाईट बातमी देत नसत. मेल्याचं पत्र वेगळं, त्याचा कोपरा फाडलेला असे, वर श्री नसे. पण माणूस जिवंत असेपर्यंत पत्रात 'इकडील सर्व क्षेम' हेच. "घोर लावू नगंस त्याला. तितं पान्यावर एकला हाय," ती म्हणाली. मी लिहिलं: इकडे सर्व खुशाल आहोत. आईची तब्येत उत्तम. तुझी मजा होऊ दे. पत्ता डॉमिनिकाचा.

ते पत्र त्याला मिळालं. आई आजारी पडल्यावर माझी इतकी पत्रं गेली, पण त्यांतलं त्याच्या हाती पडलं असं मला माहीत असलेलं तेवढं एकच.

संक्रांतीला त्याचं उत्तर आलं. "तुम्ही सगळी खुशाल आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटत होतं निघावं. पण आता एका गलबतावर काम मिळालंय, आणखी दोन-तीन महिने काढतो. आईला सांग, तिची चादर अजून फाटलेली नाही."

मी वाचून संपवलं. आई तेव्हा हुलग्याचं पातळ माडगं चमच्यानं घेत होती, एकेक चमचा घशाखाली जाईपर्यंत थांबत. तिनं वाटी खाली ठेवली.

"आता लिव," ती म्हणाली. "ये म्हनावं."

मी त्याच दिवशी लिहिलं. आई आजारी आहे, अन्न जात नाही, असशील तिथून निघ. मग अॅटलास काढला. पत्राला अठरा दिवस लागतात, तो एका बेटावर तीनेक आठवडे राहतो, म्हणजे डॉमिनिकाच्या पुढे सेंट लुसिया. पत्ता घातला आणि टाकलं.

फेब्रुवारीत कार्ड आलं. पोस्टमन नेहमीसारखाच ओरडला. कार्डावर नारळी आणि पांढरी वाळू, तिकीट अँटिग्वाचं. म्हणजे गलबत मागे, पहिल्या बेटावर गेलं होतं. मजकुरात आजाराचा उल्लेख नव्हता.

आईनं विचारलं, "कुटं हाय?"

"होता. महिन्यापूर्वी अँटिग्वाला होता. पण आता पुढे गेला असणार. सेंट व्हिन्सेंट धरते."

"अगं, सगळीकडंच टाक की एकदम. जितकी टपालं हायती तितकी."

"आई, असं नसतं. तो खालीच येणार आहे ना शेवटी? त्रिनिदादला. मग मागच्या बेटावर टाकून काय उपयोग?"

"आत्ता मागं गेलाच न्हवं?"

"ते एकदाच."

तिनं माझ्या हातातलं कार्ड घेतलं. मग म्हणाली, "मानूस हाय त्यो, बाय. आगगाडी न्हवं."

हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पैशाची अडचण नव्हती, सहा एरोग्राम मला जड नव्हते. तुमचे आजोबाही म्हणाले, "टाकून दे ना सगळीकडे." मला ते गबाळं वाटलं. एकाच मजकुराची सहा पत्रं सहा ठिकाणी टाकायची म्हणजे माझा अंदाज चुकला असं कबूल करायचं. भावानं लिहिलं होतं, तू बरोबर धरशील. मी दोन भाषा वाचणारी. खेड्यातून आलेल्या, सही न येणाऱ्या बाईनं मला भूगोल सांगावा?

सेंट व्हिन्सेंटला टाकलं. तीन आठवड्यांनी ग्रेनाडाला. क्रमानं.

तार करायचाही विचार केला. पण तार करायची तरी कुठे? मुंबईला बोटीच्या कचेरीत लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की सदर इसम आता आमच्या नोकरीत नाही.

मार्चच्या शेवटी आणखी एक कार्ड आलं, डॉमिनिकाहून. गलबत पुन्हा वर-खाली करत होतं. मी अंगणात उभी राहून कार्डाची तारीख वाचली, आत गेले, अॅटलास उघडला, आणि मला माझे आकडे दिसले, एक ते सहा, सुबक अक्षरात. पलीकडच्या घरात माग चालू होता. तो ठोका ऐकत मी किती वेळ बसले कोण जाणे. मग सहा एरोग्राम लिहिले, सगळ्यांत तोच मजकूर, आणि सहा बेटांना एकदम पाठवले. आईनं सांगितल्यानंतर दीड महिन्यानं.

तोवर तिला चमच्यानं चहाही जाईना. कापूस ओला करून ओठांना लावायचा. एका सकाळी तिनं विचारलं, "पत्र गेलं?"

"गेलं. तारही आली उलट," मी म्हणाले. "निघालाय. बोटीत बसला."

इतकं सहज आलं तोंडात. सुएझ तेव्हा बंद होता, आफ्रिकेला वळसा घालून बोटीला महिना-दीड महिना लागला असता. तेवढे दिवस आईकडे नव्हते. मी त्याला नऊ दिवसांत मुंबईला आणलं. रोज ती विचारायची, "कुटवर?" आणि मी सांगायची. आफ्रिका गेली. आपला समुद्र लागला. आज मुंबई दिसली. उद्या गाडीत बसेल.

ती म्हणाली, "पुनं?"

"पुणं गेलं."

"दौंड?"

"आत्ताच सुटलं, आई."

डोळे मिटूनच ती हसली. आवाज उरला नव्हता, कान तोंडाजवळ न्यावा लागे. "तुजी गाडी लई येळेवर धावतीया गं," ती म्हणाली.

मी तिच्या ओठांना ओला कापूस लावला. बऱ्याच वेळानं तिनं परत विचारलं, "जेऊर गेलं का?" तिचं माहेरचं स्टेशन.

"गेलं."

त्यानंतर तिनं विचारलं नाही. दुपारी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ती गेलेली होती. कुर्डुवाडी, माढा, मोहोळ राहिलं. तोंडात पाणी घालायला मुलगा नव्हता. मी घातलं. अग्नी तुमच्या आजोबांनी दिला.

तेराव्याच्या आसपास पहिलं पत्र परत आलं. सेंट लुसियाचं. पोस्टमन ओरडला नाही. त्यानं ते पत्र पालथं करून माझ्या हातात दिलं आणि सायकल हातात धरून चालत गेला. मग येतच राहिली, पावसाळाभर, न उघडलेली, प्रत्येकावर 'मागणी झाली नाही' असा इंग्रजी शिक्का आणि तारीख.

मधेच, वैशाखात, त्याचं एक कार्ड आलं. सेंट व्हिन्सेंटहून. "ताई, इथल्या पोस्टात विचारलं, तुझं पत्र नव्हतं. म्हणजे सगळी खुशाल असणार. आता खरंच निघतो. आईला सांग, पावसाळ्यापर्यंत येतो."

मी कार्डाची तारीख आणि परत आलेल्या पत्रांवरचे शिक्के शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सेंट व्हिन्सेंटचं पहिलं पत्र त्याच्या आठवडाभर आधी तिथून परत निघालं होतं. दुसरं तो गेल्यावर पोचलं.

त्यानंतर काहीच आलं नाही. ना पत्र, ना कार्ड. मी मृत्यूचं पत्र लिहिलं, कोपरा फाडला, पण ते कुठे टाकायचं हे कळलं नाही. त्रिनिदादच्या आपल्या वकिलातीला तीन वर्षं लिहीत राहिले. त्यांची उत्तरं सभ्य होती. अशा नावाच्या माणसाची नोंद नाही. गलबताचं नाव काय? गलबताचं नाव त्यानं कधी लिहिलं नव्हतं. तो बुडाला, की कुठल्या बेटावर राहिला, की आईचं कळून मग घरी तोंड दाखवायला धजला नाही, हे मला माहीत नाही. आधी रोज एक शक्यता धरायची. मग आठवड्याला. मग शाळेची सहामाही, तुमच्या बाबांचा गोवर, बदली, असं करत वर्षं गेली. दुष्काळ संपला, नळाला पाणी आलं, आणि आईच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं दिल्या. भाडेकरूंना मी सांगून ठेवलं होतं की कुणी विचारत आलं तर मागच्या दारानं मला हाक मारा. कुणी आलं नाही.

तुम्ही म्हणाल, आजी, आम्ही आत्ता इथेच आहोत, पोस्टात विचारतो, लोकांना विचारतो. विचारू नका. तो असेल तर पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा असेल. मला त्याला आता फक्त एकच गोष्ट सांगायची आहे, आई त्याची वाट बघत कशी गेली ती, आणि ती तुमच्याकडून कळू नये. तुम्ही तुमचं फिरणं पुरं करा. आणि घरी पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हा इकडून आम्ही 'सगळं ठीक' म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारत जा.

माझ्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात सुती कापडात बांधलेलं आहे: शाळेचा अॅटलास, बेटांवर पेन्सिलीचे आकडे असलेला. त्याची पत्रं आणि कार्डं. कोपरा फाडलेलं एक पत्र, पत्ता नसलेलं. आणि परत आलेले आठ एरोग्राम, अजून बंद. 'ये' म्हणून मी पाठवले होते नऊ. अँटिग्वाला पाठवलेला परत आला नाही.